विश्लेषण : आफ्रिकेतल्या आलिशान तंबूचे भाडे नेमके कशाचे?

केनियातील मसाई मारा अभयारण्यात ऑगस्ट २०२५ मध्ये रिट्झ-कार्लटन या बड्या हॉटेल साखळीचा सफारी कॅम्प सुरू झाला. सँड नदीच्या काठी २० तंबू, प्रत्येकाला स्वतंत्र छोटा तरणतलाव आणि एका रात्रीचे भाडे माणशी साडेतीन हजार डॉलरच्या घरात, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. त्याच महिन्यात एका मसाई कार्यकर्त्याने नारोक येथील न्यायालयात धाव घेतली. मारा आणि सेरेंगेटी यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या प्राण्यांच्या वाटेवरच हा कॅम्प उभा राहिला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. केनियाच्या वन्यजीव विभागाने तो फेटाळला. ही जागा स्थलांतराच्या मार्गात येत नाही, असे विभागाचे म्हणणे. या वादामुळे एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे. जंगलातल्या या महागड्या तंबूंमुळे जंगल वाचते की विकले जाते?

तंबू म्हणावे तरी कसे?

तंबू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिर्यारोहणाची दोरखंड-खुंट्यांची राहुटी येते, नाहीतर लग्नाचा मांडव. आफ्रिकेतल्या आलिशान कॅम्पमधला तंबू या दोन्हींत बसत नाही. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच लाकडी चौथरा, त्यावर जाड कॅनव्हासच्या भिंती, आत चार पायांचा पलंग, लिहायचे टेबल, मागच्या बाजूला न्हाणीघर आणि फ्लशचे संडास. वीज बहुतेक ठिकाणी सौरऊर्जेची. काही जुन्या वळणाच्या कॅम्पमध्ये अजून बादलीचा शॉवर असतो. अंघोळीची वेळ सांगितली की कर्मचारी लाकडाच्या जाळावर तापवलेले पाणी आणून तंबूमागे टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत ओततो आणि बाहेरूनच हाक मारून ‘पाणी तयार’ म्हणून सांगतो. तेवढ्या पाण्यात अंघोळ उरकायची. गंमत अशी, की अशा कॅम्पचे भाडे तरणतलाववाल्यांपेक्षा फार कमी असतेच असे नाही.

दिवस सुरू होतो साडेपाचला, तंबूच्या दाराशी ठेवलेल्या चहा-बिस्किटांनी. ती लगेच आत घ्यायची, नाहीतर माकडे नेतात. उजाडता-उजाडता उघड्या जीपमधून फेरी, दहाच्या सुमारास परत, दुपार झोपेत किंवा नदीतले पाणघोडे बघण्यात, चारनंतर पुन्हा फेरी. अंधार पडल्यावर मात्र तंबूतून एकट्याने बाहेर पडायचे नाही. जेवणाच्या तंबूपर्यंत जायचे असले तरी भाला किंवा विजेरी घेतलेला रखवालदार सोबत येतो. कारण बहुतेक कॅम्पना कुंपण नसते. रात्री हत्ती दोन तंबूंमधून चालत जातात, तरस ओरडतात, सिंहाची डरकाळी मैलभरावरून आली तरी उशाशी असल्यासारखी वाटते. तंबूच्या दाराची चेन नीट लावली की प्राणी सहसा आत शिरत नाहीत. या ‘सहसा’वर भरवसा ठेवून झोपायचे असते.

शिकाऱ्यांचा डेरा

सफारी हा स्वाहिली शब्द. तो अरबी ‘सफर’वरून आला, तोच सफर फारसीमार्गे मराठीतही रुळला. पूर्व आफ्रिकेत सफारी म्हणजे आधी व्यापाऱ्यांचे काफिले, मग गोऱ्या शिकाऱ्यांच्या मोहिमा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत आले तेव्हा त्यांच्या दिमतीला अडीचशेच्या आसपास हमाल होते. तंबू, पुस्तके, मिठाची पोती, मारलेल्या प्राण्यांची कातडी, सगळे माणसांच्या डोक्यावरून जायचे. आजच्या कॅम्पमधल्या पितळी कंदिलांची, कातडी पेट्यांची आणि पांढऱ्या टेबलक्लॉथची हौस त्याच काळातून उतरली आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक जाऊन कॅमेरा आला, पण डेऱ्याचा थाट तसाच राहिला. वसाहतकाळाची ही नक्कल पाहुण्यांना रोमँटिक वाटते. ज्यांच्या आजोबांनी ती ओझी वाहिली, त्यांना ती तशी वाटेलच असे नाही, याचा विचार जाहिरातींत क्वचितच दिसतो.

कापडाच्या भिंतींना व्यावहारिक कारणही आहे. अनेक कॅम्प जमिनीवर मालकी हक्काने नव्हे, तर ठरावीक मुदतीच्या करारावर उभे असतात. उद्या करार संपला तर चौथरा उचलून जागा होती तशी करून देता आली पाहिजे. सेरेंगेटीत तर काही कॅम्प प्राण्यांच्या मागोमाग हलतात. जानेवारी ते मार्च विल्डबीस्ट दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ मैदानात वितात, तेव्हा तंबू तिकडे. जुलैपासून कळप उत्तरेला मारा नदीकडे सरकतात, तेव्हा तंबू कोगातेंदेच्या परिसरात. काँक्रीटच्या हॉटेलाला हे जमत नाही.

मग पैसे कशाचे?

जुलै ते ऑक्टोबर या हंगामात चांगल्या कॅम्पमध्ये माणशी रात्रीला हजार डॉलर मोजावे लागणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यात जेवण, दोन वेळची फेरी, वाटाड्या, बहुधा धोबीही येतो. तरी कॅनव्हासच्या खोलीला आणि तीन वेळच्या जेवणाला एवढे पैसे लागत नाहीत. पाहुणा खरे पैसे मोजतो तो शेजारी दुसरा तंबू नसण्याचे. या महाग तंबूचे समर्थन करायचे तर ते एवढ्याच मुद्द्यावर करता येते, आणि टीका करायची तर तीही इथेच करावी लागते.

मसाई मारा हे सरकारी अभयारण्य सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे. त्याचा कारभार नारोक परगण्याच्या सरकारकडे आहे. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला तिथे जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे, बाकीच्या सहा महिन्यांत १००. पण केनियातील निम्म्याहून अधिक वन्यप्राणी सरकारी उद्यानांच्या हद्दीबाहेर, गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनीवर राहतात. सिंहाला हद्दीचा दगड वाचता येत नाही. माराच्या उत्तरेकडची मैदाने पूर्वी मसाईंच्या सामाईक मालकीची होती. नंतर त्यांची वाटणी झाली आणि प्रत्येक कुटुंबाच्या कर्त्याच्या नावावर, आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखे, शे-दीडशे एकरांचे तुकडे आले. वाटणी झाली की पुढचे दोन रस्ते ठरलेले : तुकडा विकायचा किंवा कुंपण घालायचे. दोन्हीचा परिणाम एकच, प्राण्यांची वाट बंद. लोइटा मैदानांत गव्हाची मोठी शेती आली तेव्हा हे दिसून चुकले होते. त्या भागात वाढणाऱ्या स्थानिक विल्डबीस्टची संख्या १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत तीन-चतुर्थांशांहून अधिक घटली.

तिसरा रस्ता निघाला तो साधारण २००६ पासून. शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना खंडाने द्यायचे. त्या जमिनीवर कुंपण घालायचे नाही, घर बांधायचे नाही, शेती करायची नाही. गुरे चारायची ती ठरवून दिलेल्या पट्ट्यांत, पाळीपाळीने. बदल्यात दर एकरी ठरलेले भाडे थेट मालकाच्या खात्यात, पर्यटक आले काय किंवा न आले काय. या व्यवस्थेला तिथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, नाबोइशो ही त्यांतली ठळक नावे. नाबोइशोत सुमारे ५० हजार एकर जमीन आणि पाचशेहून अधिक मालक आहेत. नाबोइशो या मसाई शब्दाचा अर्थच ‘एकत्र येणे’. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्याने अशा व्यवस्थेला मान्यता दिली.

आता गणित उलगडते. एवढ्या मोठ्या जमिनीचे भाडे मोजक्याच तंबूंनी उचलायचे असेल, तर प्रत्येक तंबूच्या वाट्याला शेकडो एकरांचा खंड येतो. म्हणून तंबू महाग. तंबू कमी, म्हणून गाड्या कमी. एका सिंहाभोवती किती जीप थांबायच्या याची मर्यादा पाळता येते, पायी फिरता येते, रात्रीची फेरी काढता येते. अभयारण्यात या दोन्हींना परवानगी नाही.

याच्या उलट चित्र बघायचे तर तालेक किंवा सेकेनानी गेटबाहेरची कॅम्पची दाटी बघावी. तिथे तंबू स्वस्त आहेत आणि ते असण्यात गैर काही नाही. पण स्वस्त तंबूचा धंदा संख्येवर चालतो आणि ती संख्या शेवटी नदीच्या काठावर दिसते. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या बाजूने मारा नदीवर पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले आणि पाण्यात उतरू पाहणाऱ्या विल्डबीस्टची वाट अडली. ही चित्रफीत जगभर फिरली, उद्यान प्रशासनाला खुलासे करावे लागले. गर्दीपेक्षा महाग रिकामेपण प्राण्यांना मानवते, हे मान्य करावेच लागेल.

हा युक्तिवाद कुठे लंगडा पडतो?

मात्र यात एक अट दडलेली आहे. महाग भाड्यातला खंड जमीनमालकाला मिळत असेल, तरच हे समर्थन उभे राहते. सरकारी अभयारण्याच्या आत, नदीकाठच्या मोक्याच्या जागी उभ्या राहिलेल्या महागड्या कॅम्पला शेजारच्या कुठल्या मसाई कुटुंबाची जमीन मोकळी ठेवल्याचे श्रेय घेता येत नाही. तिथे जमीन आधीच मोकळी होती. कॅम्पने ती थोडी व्यापली एवढेच. त्याची फी परगण्याच्या तिजोरीत जाते, तिथून गावापर्यंत किती झिरपते हा वेगळा झगडा आहे. तरणतलावाच्या तंबूला आणि कॉन्झर्व्हन्सीतल्या बादलीच्या शॉवरवाल्या तंबूला जाहिरातीत एकच विशेषण लागते, ‘पर्यावरणस्नेही’. दोन्हींचे अर्थकारण मात्र वेगवेगळे आहे.

कॉन्झर्व्हन्सीतही सगळे गोड नाही. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे भाडेही त्यांच्याच खात्यात. ज्यांना वाटणीत तुकडाच मिळाला नाही, त्यांना चराई गेली आणि भाडेही नाही. दुष्काळात गवत फक्त राखीव पट्ट्यात उरते आणि रात्री चोरून गुरे घालणाऱ्या गुराख्याला दंड होतो, तोही त्याच्याच भावकीच्या जमिनीवर. मसाईची पत गुरांच्या संख्येवर ठरते, बँकेतल्या शिलकीवर नाही, हे करार लिहिणाऱ्यांनी उशिरा ओळखले. २०२० मध्ये करोनाने विमाने थांबवली तेव्हा ‘पर्यटक आले काय, न आले काय’ या वाक्याचीही परीक्षा झाली. कॅम्प ओस पडले, अनेक ठिकाणी भाड्यात कपात करावी लागली आणि जमीनमालक पुन्हा कुंपणाच्या तारेचा विचार करू लागले.

शिवाय बुकिंगचे पैसे बहुतेकदा लंडन किंवा न्यूयॉर्कमध्येच भरले जातात. कॅम्पची मालकी परदेशी, वाइन परदेशी, कधीकधी व्यवस्थापकही परदेशी. स्थानिकांच्या वाट्याला स्वयंपाकघर, रखवाली आणि गाडीचे चाक. यातले वाटाड्याचे काम मात्र कमी लेखू नये. केनियात वाटाड्यांची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी परीक्षांची उतरंड आहे. सिल्व्हर किंवा गोल्ड दर्जाचा मसाई वाटाड्या ओल्या मातीतल्या ठशावरून बिबट्या कधी गेला ते सांगतो आणि पाहुणे दुसऱ्या वर्षी कॅम्पचे नाव न विचारता त्याचे नाव विचारत येतात.

‘निर्मनुष्य’ जंगलाची गोष्ट

सफारीच्या प्रत्येक माहितीपत्रकात ‘अस्पर्श अरण्य’ असते. ही कल्पनाच चुकीची आहे. पूर्व आफ्रिकेतील गवताळ मैदाने हजारो वर्षे गुराखी आणि प्राणी यांनी मिळून घडवली आहेत. नैर्ऋत्य केनियात सुमारे १,५५० ते ३,७०० वर्षांपूर्वी गुराखी जिथे रात्री गुरे कोंडत, तिथल्या शेणाने जमीन इतकी सुपीक झाली की आजही त्या जागी हिरवे गवत उगवते आणि वन्यप्राणी चरायला येतात, असे २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पाहुणा ज्या हिरवळीवर हरणांचे फोटो काढतो, ती कुणाच्या तरी जुन्या गोठ्याची जागा असू शकते.

पण माणसाशिवायचे जंगल विकायचे ठरले की माणूस अडचणीचा होतो. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मसाईंना १९५९ मध्ये बाहेर काढून शेजारच्या न्गोरोंगोरोत वसवण्यात आले. आज त्याच न्गोरोंगोरोतून त्यांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेराला हलवण्याची टांझानिया सरकारची मोहीम चालू आहे. जून २०२२ मध्ये लोलियोंदो भागात दीड हजार चौरस किलोमीटरवर हद्दीचे दगड रोवताना पोलीस आणि मसाई यांच्यात संघर्ष झाला, अनेक जण सीमा ओलांडून केनियात पळाले. सरकारचे म्हणणे, माणसे आणि गुरे वाढल्याने निसर्गावर ताण येतो आणि स्थलांतर ऐच्छिक आहे. ज्यांच्या गावातले दवाखाने आणि शाळांचा निधी आटत गेला, ते ‘ऐच्छिक’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वाचतात. याच पट्ट्यात आलिशान कॅम्प आणि शिकारीच्या ठेक्यांना मात्र जागा आहे. जॉन म्बारिया आणि मोर्डेकाई ओगाडा या केनियन लेखकांनी २०१६ मध्ये ‘द बिग कॉन्झर्व्हेशन लाय’ या पुस्तकात संवर्धनाच्या या गोऱ्या चेहऱ्यावर कडाडून टीका केली. तिच्यातला आवेश बाजूला ठेवला, तरी टांझानियाकडे बघून ती खोडून काढणे अवघड जाते.

बोत्स्वानाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. ‘पर्यटक कमी, दाम जास्त’ हे तिथले सरकारी धोरणच आहे. ओकावांगो त्रिभुज प्रदेश २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत हजारावे स्थळ म्हणून दाखल झाला. तिथल्या अनेक कॅम्पना रस्ताच नाही. छोट्या विमानाने जायचे, सामान साधारण २० किलो आणि तेही मऊ पिशवीत, कारण विमानाच्या पोटात कडक बॅग मावत नाही. जंगल राहिले, पण सामान्य बोत्स्वाना नागरिकाला आपल्याच देशातल्या त्या तंबूत एक रात्र काढणे स्वप्नवत झाले. ही किंमत कुठल्याच बिलात दिसत नाही.

आपल्याकडे हे का वाचावे?

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि मराठी सहल कंपन्यांच्या यादीत केनिया-टांझानिया आता नेहमीचे झाले आहे. पण संबंध तेवढाच नाही. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटबाहेर गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले आलिशान रिसॉर्ट आणि त्यांतले तंबू याच आफ्रिकन नमुन्यावरून उचललेले आहेत. उचलला तो देखावा. खंडाची व्यवस्था नाही. आपल्याकडे रिसॉर्ट जमीन विकत घेतो, शेतकरी एकदा पैसे घेऊन बाजूला होतो. ज्याची जमीन वाघाच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे, त्याला मिळते ती गुराढोरांची आणि पिकाची नुकसानभरपाई, म्हणजे प्राणी आल्याचा दंड कुणीतरी भरून देते. जमीन मोकळी ठेवल्याचे नियमित भाडे त्याला मिळत नाही. आपली शेते लहान, माणसांची दाटी मोठी, त्यामुळे मारा जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. तरीही वाघ फिरतो ती जमीन ज्याची, त्याला वाघाच्या कमाईत हिस्सा असावा, हा विचार उसना घ्यायला हरकत नव्हती. आपण बादलीचा शॉवरही न घेता फक्त पितळी कंदील घेतले.

ज्यांना जायचेच आहे त्यांनी काय विचारावे?

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी; तिचे प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर भारतातच विमानतळावर अडवतात. शाकाहारी जेवण आधी कळवले तर बहुतेक कॅम्प ते नीट करतात. पूर्व आफ्रिकेत चपाती आणि चहा हे स्वाहिलीतलेही शब्द आहेत. पण सहल कंपनीला विचारायचे प्रश्न याहून वेगळे आहेत. कॅम्प अभयारण्याच्या आत आहे की कॉन्झर्व्हन्सीत? भाड्यात कॉन्झर्व्हन्सीचे शुल्क किती आणि ते बिलात वेगळे दाखवता का? जमीनमालकांना एकरी ठरलेले भाडे मिळते की नफ्यातला वाटा? एकूण तंबू किती? वाटाडे जवळच्या गावांतले आहेत का? जो कॅम्प हे करतो, त्याला उत्तरे पाठ असतात, कारण तो त्याच जोरावर भाडे मागतो. जो करत नाही, तो उत्तरादाखल सूर्यास्ताचा फोटो पाठवतो.

मारातील सुरुवातीच्या अनेक करारांची मुदत पंधरा वर्षांची होती. ती आता संपत आली आहे किंवा संपली आहे. नव्या वाटाघाटींत समोर बसतात ते मूळ जमीनमालकांचे मुलगे. काही त्याच भागातल्या प्रशिक्षण संस्थेतून वाटाडे झालेले, काही नैरोबीत शिकलेले. त्यांच्या वडिलांच्या नावचा दीडशे एकरांचा तुकडा आता चार-पाच भावांत वाटला जायचा आहे.